छंद : वाचन

आपल्या समाजाच्या मासिकांतून आणि परिचय-मेळाव्यांच्या पुस्तिकांतून उपवर मुलामुलींची जी परिचयपत्रे छापून येतात, त्यांत जन्मतारीख, उंची, शिक्षण, व्यवसाय, गोत्र, मामाचे गोत्र या ओळींच्या खाली बहुधा आणखी एक ओळ असते : छंद. तिच्यापुढे 'वाचन' हा शब्द पुष्कळदा आढळतो. परिचयपत्रातील इतर प्रत्येक ओळीची चौकशी होते. पदवी कोणत्या विषयाची, दुकान स्वतःचे की भाड्याचे, घरात माणसे किती, हे सारे विचारले जाते. 'वाचन' या शब्दापाशी मात्र कोणी थांबत नाही. 'सध्या काय वाचता?' असा साधा प्रश्नही सहसा कानावर येत नाही.

मी तेवीस वर्षांची आहे. बुलढाण्याजवळ, पैनगंगेच्या काठी वसलेल्या देऊळघाटात आमचे कापडाचे दुकान आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यापासून दुपारी बाबा जेवायला व विश्रांतीला घरी गेले की दुकानात मी बसते. माझ्याही परिचयपत्रात ती ओळ आहे, आणि ती खरी आहे. ज्या प्रश्नाची कोणी चौकशी केली नाही, त्याचे उत्तर थोडे विस्ताराने लिहावे, म्हणून हा लेख.

जुनी शंका

वाचनाविषयी व्यापारी घरांत एक शंका फार जुनी आहे. अक्षरओळख हवी, हिशेब हवा, पत्रव्यवहार हवा, धर्माचा स्वाध्याय तर हवाच. परंतु त्यापलीकडचे वाचन म्हणजे दुकानावरून लक्ष उडाल्याचे लक्षण, असे अनेक वडीलधाऱ्यांना मनोमन वाटते. ही शंका आजची नाही. जवळजवळ चारशे वर्षांपूर्वीची तिची लेखी नोंद आपल्याच एका पूर्वसूरीने करून ठेवली आहे.

कविवर बनारसीदास यांचा जन्म १५८६ साली जौनपूर येथे श्रीमाळ जैन कुळात झाला. घरचा व्यवसाय जवाहिऱ्याचा. 'समयसार नाटक' या ग्रंथामुळे त्यांचे नाव स्वाध्यायाच्या बैठकींत आजही घेतले जाते. १६४१ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी 'अर्धकथानक' हे पद्य आत्मचरित्र लिहिले. माणसाचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानले तर आपली निम्मी कथा सांगून झाली, म्हणून हे नाव. भारतीय भाषांतील अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. त्यात ते सांगतात, की तरुणपणी त्यांचा अभ्यासाचा आणि काव्याचा नाद पाहून घरच्या थोरांनी त्यांना समजावले. फार शिकणे हे ब्राह्मणांचे आणि भाटांचे काम, वाण्याच्या मुलाने पेठेत बसावे, फार वाचणाऱ्याच्या हाती भीक येते, असा त्या उपदेशाचा आशय होता. काळ बदलला, पेठा बदलल्या. परंतु हे वाक्य आपल्या घरांतून तेवढ्याच सहजतेने आजही ऐकू येते.

बनारसीदासांच्या बाबतीत उपदेश खरा ठरल्यासारखे पुढे झालेही. आग्र्याला केलेला व्यापार बुडाला, गाठीचे संपले, वस्तू विकून खाण्याची वेळ आली. त्या दिवसांत ते रात्री घरी 'मधुमालती' आणि 'मृगावती' ही प्रेमाख्याने वाचून दाखवीत, आणि दहा-वीस माणसे ऐकायला जमत. श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. बनारसीदास त्याच्याकडून रोज उधारीने कचोऱ्या घेत. काही दिवसांनी त्यांनी स्वतःच त्याला सांगितले, की माझ्यापाशी काही नाही, यापुढे उधार देऊ नकोस. कचोरीवाल्याने निश्चिंतपणे खायला सांगितले आणि उधारीची मर्यादाही वाढवून दिली. असे सहा-सात महिने चालले. पुढे हिशेब झाला तो १४ रुपयांचा, आणि तो चुकता करण्यात आला.

ही हकिकत मी व्यापाऱ्याच्या मुलीच्या नजरेने वाचते तेव्हा मला त्या कचोरीवाल्याचे फार आश्चर्य वाटते. त्याने तारण कोणते घेतले होते? समोरचा माणूस बुडालेला आहे हे त्याने त्याच्याच तोंडून ऐकले होते. परंतु रात्रींमागून रात्री त्याने त्या माणसाचा आवाज ऐकला होता. तो कोठे थांबतो, कशाने गहिवरतो, हे त्याला ठाऊक झाले होते. आपण ज्याला पत म्हणतो ती शेवटी माणसाच्या ओळखीवर उभी असते, आणि ती ओळख त्या घरात वाचनाने घडवली. थोरांच्या उपदेशाला याहून चांगले उत्तर मला सापडलेले नाही. विशेष म्हणजे ते उपदेश आणि उत्तर दोन्ही एकाच पुस्तकात, एकाच व्यापाऱ्याने, कसलाही आव न आणता लिहून ठेवले आहे.

बाजार आणि भाषा यांचे नाते तर याहूनही जुने आहे. उद्योतनसूरींनी ७७९ साली जाबालिपूर, म्हणजे आजच्या जालोर येथे 'कुवलयमाला' हा प्राकृत कथाग्रंथ पूर्ण केला. त्यात एका बाजारपेठेचे वर्णन आहे. निरनिराळ्या देशांचे व्यापारी आपापल्या बोलीत बोलत आहेत, आणि आचार्य प्रत्येकाचे रूप, स्वभाव व तोंडचे एखाद-दोन शब्द टिपतात. त्यांत मराठी व्यापारीही आहे : सहनशील, अभिमानी आणि भांडखोर. त्याच्या तोंडी घातलेले शब्द 'दिले' आणि 'घेतले' या अर्थाचे आहेत, आणि मराठीच्या जुन्या नमुन्यांत त्यांचा उल्लेख होतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा दिला, तेव्हा मला या बाजाराची आठवण झाली. एका जैन आचार्याने पेठेतील देण्याघेण्याच्या गलबल्याकडे कान दिला, म्हणून ते शब्द आपल्यापर्यंत आले.

दुकानातील दुपार

आमच्या गावाजवळून वाहणारी पैनगंगा पुढे मेहकरला जाते. त्या मेहकरात ना. घ. देशपांडे वकिली करीत आणि कविता लिहीत. त्यांचा 'शीळ' हा संग्रह १९५४ साली प्रसिद्ध झाला आणि 'खूणगाठी' या संग्रहाला १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. खटले, अशील, तारखा हे सारे सांभाळून आयुष्यभर एका लहान गावात राहिलेला हा कवी. त्यामुळे 'धंदा आणि पुस्तक एकत्र नांदत नाहीत' असे कोणी म्हटले, की मी नदीच्या पुढच्या गावाकडे बोट दाखवते.

गावातील दुकानात वाचायला वेळ कोठे मिळतो, असे शहरातील मैत्रिणी विचारतात. खरे सांगायचे तर वेळ गावातच मिळतो. आमच्या धंद्याला ऋतू आहेत. लग्नसराईत आणि दिवाळीच्या सुमारास, म्हणजे सोयाबीन-कापूस घरात येऊ लागल्यावर, पाणी प्यायला उसंत नसते. पेरण्या आटोपल्या, पावसाची झड लागली, की दुपारच्या दुपार एकही गिऱ्हाईक फिरकत नाही. त्याच काळात चातुर्मास येतो. साधू-साध्वी एका ठिकाणी स्थिर होतात, प्रवास कमी होतात, घराघरांत स्वाध्यायाचे वातावरण असते. निसर्ग, शेती, व्यापार आणि धर्म या चौघांनी मिळून वर्षातील हे चार महिने जणू वाचनासाठी बाजूला काढून ठेवले आहेत.

दिवसाचेही तसेच. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण होते. पाळीपाळीने घरी येऊन सर्वजण जेवून जातात, दुकान बंद होते, आणि मग रात्रीचा एक मोठा तुकडा मोकळा उरतो. शेजारच्या घरांत जेव्हा स्वयंपाकाची भांडी वाजत असतात, तेव्हा आमच्या ओसरीवर सारे आवरलेले असते. रात्रिभोजनत्यागाचा हा एक लाभ मला कोणी शिकवला नाही, तो अनुभवाने कळला. हा मोकळा तुकडा मोबाइलला द्यायचा की आणखी कशाला, एवढाच निर्णय उरतो.

सुखे म्हणाल तर लहानच आहेत. सकाळी दुकानासमोर पाणी शिंपडल्यावर उठणारा मातीचा वास. पहिली बोहनी झाल्यावर दादाजींनी नोट कपाळाला लावून गल्ल्यात टाकणे. नव्या ताक्याची घडी पहिल्यांदा उलगडताना येणारा खळीचा वास आणि कात्रीची सुरुवात देऊन कापड फाडताना होणारा सरळ, लांब आवाज. दाखवण्यासाठी उघडलेल्या वीस साड्या गिऱ्हाईक गेल्यावर पुन्हा घडीत घालताना हातांना मिळणारी लय. पत्र्यावर पाऊस पडत असताना गरम भाकरी, तुरीचे वरण आणि त्यावर सोडलेली तुपाची धार. उन्हाळ्यात गच्चीवर वाळणारे पापड आणि त्यांच्या राखणीच्या निमित्ताने सावलीत बसून वाचलेली पन्नास पाने.

श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोगांचे परिमाण ठरवण्याचे एक व्रत आहे. लहानपणी मला ते केवळ 'हे खाऊ नये, ते घेऊ नये' अशी यादी वाटे. आता त्याची दुसरी बाजू दिसते. ज्याला माप असते त्याचीच चव कळते. दिवसाला चाळीस पानांची मर्यादा घातली की एकेचाळिसाव्या पानाची ओढ रात्रभर सोबत करते. मोबाइलच्या पडद्यावर बोटाने सरकत जाणाऱ्या चित्रांना शेवटच नसतो. म्हणून त्यांतून उठताना काही घेऊन उठल्यासारखे वाटत नाही. पुस्तकाला शेवटचे पान असते, हा त्याचा मोठा गुण आहे.

काउंटरपलीकडचा माणूस

गेल्या दोन वर्षांत वाचलेल्या पुस्तकांपैकी चारांविषयी लिहिते. चारही मराठी आहेत, आणि चारांनीही माझ्या दुकानातील दिवसात काही भर घातली आहे.

पहिले पुस्तक नवे नाही, परंतु आमच्या जिल्ह्याचे आहे. बुलढाण्याचे सदानंद देशमुख यांची 'बारोमास' ही कादंबरी २००२ साली आली आणि २००४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पदव्युत्तर शिक्षण घेऊनही नोकरी न मिळाल्याने शेतीकडे वळलेला एकनाथ, शहरी वळणात वाढलेली त्याची पत्नी, थकत चाललेले आईवडील, आणि तोट्याच्या शेतीने आतून उसवत जाणारे एक घर, अशी ती कथा आहे. तिच्यातील बोली आमच्या दुकानात रोज ऐकू येते. त्यामुळे वाचताना अनेकदा असे वाटले, की ही माणसे मी पाहिलेली आहेत, फक्त काउंटरच्या एका बाजूने.

दुकानात एखादी बाई येते, लुगडे हातात घेते, काठ पाहते, किंमत विचारते, 'थोडं सस्त्यातलं दाखव वो बाई' म्हणते, आणि शेवटी 'येतो मग' असे म्हणून जाते. खतावणीत तिच्या घराची एक ओळ असते : नाव आणि बाकी. त्या ओळीतून एवढेच कळते, की मागील हंगामाचे इतके येणे आहे. कादंबरी ती ओळ घडी उलगडावी तशी उलगडून दाखवते. आज सकाळी त्या घरात कशावरून बोलाचाली झाली, कोणाची फी भरायची राहिली, विहिरीत पाणी किती आहे, हे सारे तिच्या 'येतो मग'च्या मागे उभे असते. 'बारोमास' वाचल्यापासून हे दोन शब्द मला तसेच ऐकू येत नाहीत. त्यामुळे मी भाव पाडून देते असे नाही. दुकान दुकानासारखेच चालते. परंतु साडी परत घडीत घालताना कपाळाला आठी पडत नाही. अचौर्यव्रताच्या अतिचारांत कमी-अधिक मापाने देणेघेणे हा एक अतिचार सांगितला आहे. मीटरपट्टीचे माप तर आपण सांभाळतोच. समोरच्या माणसाचे मापही कमी भरू नये, हे मला या पुस्तकाने दिले.

दुसरे पुस्तक देविदास सौदागर यांचे 'उसवण'. २०२४ सालचा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार या कादंबरीला मिळाला. लेखक तुळजापूरचे, आणि स्वतः शिवणकाम केलेले. तयार कपड्यांच्या लाटेत हातचे काम हळूहळू निघून जाणाऱ्या एका शिंप्याची ही गोष्ट. आपल्या वाचकांपैकी ज्यांची कापडाची दुकाने आहेत, त्यांनी ती अवश्य वाचावी, आणि मन घट्ट करून वाचावी. कारण गावोगावच्या कापड दुकानांच्या ओट्यावर एक मशीन असे. आमच्याही ओट्यावर होते. कापड आम्ही फाडून द्यायचे आणि माप शिंपीकाकांनी घ्यायचे, अशी दोघांची जोडी होती. पुढे तयार शर्ट-पँटी आल्या, आमच्याही मांडणीत आल्या, कारण त्या न ठेवत्या तर गिऱ्हाईक बुलढाण्याला गेले असते. ओट्यावरचे मशीन एके दिवशी उचलले गेले. कोणी कोणाला हटवले नाही, भांडण झाले नाही. तरीही एक माणूस उठला आणि ती जागा रिकामी झाली, एवढे खरे. 'उसवण' वाचताना तो ओटा सतत डोळ्यांसमोर राहतो. आता घरपोच येणाऱ्या पुड्यांमुळे आमच्या गल्ल्यालाही तीच झळ लागते आहे. शिंप्याची कथा वाचता वाचता ती दुकानदाराची कधी होते ते कळत नाही, आणि आपण दोघे एकाच ओट्यावर बसलेले होतो हे उशिरा का होईना लक्षात येते.

तिसरे पुस्तक कृष्णात खोत यांचे 'रिंगाण'. २०२३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. धरणामुळे उठलेल्या गावाची माणसे दुसरीकडे वसतात, आणि मागे राहिलेल्या एका म्हशीला आणण्यासाठी एक माणूस परत त्या ओसाड जागी जातो. जीवदयेची परंपरा आपल्याला नवी नाही. पांजरपोळांना देणगी देणारी कितीतरी घरे आपल्यात आहेत. हे पुस्तक मात्र देणगीच्या पावतीने न सुटणारा प्रश्न विचारते. जो जीव आपल्यावर विसंबून होता आणि ज्याला आपण सोडून आलो, तो रानाचा झाल्यावर त्याच्यावर आपला हक्क काय, आणि आपले देणे काय? याचे उत्तर मला अजून देता येत नाही, परंतु पर्युषणात क्षमापनेचे शब्द उच्चारताना तो प्रश्न मनात येतो.

चौथे पुस्तक मुलांचे आहे. संगीता बर्वे यांच्या 'पियूची वही'ला २०२२ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पियू नावाच्या मुलीने लिहिलेल्या रोजनिशीच्या रूपातील हे पुस्तक मी काकांच्या नऊ वर्षांच्या मुलीला रोज रात्री थोडे थोडे वाचून दाखवले. चौथ्या दिवशी तिने दादाजींकडे वही मागितली. त्यांनी मागील वर्षीच्या रोजमेळाची कोरी उरलेली पाने काढून शिवून दिली. आता त्या लाल पुठ्ठ्याच्या वहीत जमा-नावेच्या दोन रकान्यांत ती दिवस लिहिते. जमेच्या बाजूला पाऊस, मांजरीची पिल्ले, शाळेतील मैत्रिणीने दिलेले बोर. नावेच्या बाजूला हरवलेले खोडरबर आणि आईचा ओरडा. शिल्लक रोज काढते, आणि ती बहुधा जमेचीच निघते. रोजच्या सुखांचा हिशेब ठेवण्याची याहून चांगली पद्धत मला ठाऊक नाही.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

माझे वडील वाचनाच्या विरोधात नाहीत, परंतु व्यवहारी आहेत. त्यांचे म्हणणे असे, की पुस्तकाने गल्ला भरत नाही. ते खरेच आहे. एका कादंबरीला साधारणतः एका बऱ्या शर्टपीसाएवढी किंमत पडते, आणि शर्टपीस विकून निदान नफा तरी सुटतो. वाचनाचा नफा खतावणीत दाखवता येत नाही, हे मी मान्य करते. परंतु आपण ज्या गोष्टींना घराण्याचे भांडवल म्हणतो, त्यांपैकी शब्द पाळणे, माणूस ओळखणे, वेळेवर गप्प बसणे, यांतील एकही खतावणीत नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गावातील दुकाने पुढे कोण चालवणार? माझा भाऊ पुण्याला नोकरी करतो. माझ्या वयाच्या मुली गावात द्यायला आणि गावात यायला तयार नसतात. दुकान चांगले, घर चांगले, मुलगा निर्व्यसनी, आणि तरी केवळ 'गावात राहतो' म्हणून लग्न जमत नाही, अशी घरे आपल्या प्रत्येक वाचकाच्या माहितीत असतील. यामागे शिक्षण, दवाखाना, रस्ते अशी खरी कारणे आहेत. ती पुस्तकांनी दूर होणार नाहीत, आणि तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु मुली आपसांत बोलतात तेव्हा आणखी एक कारण निघते, जे मोठ्यांसमोर बोलले जात नाही. 'तेथे मी दिवसभर बोलणार कोणाशी आणि कशाबद्दल?' ही ती भीती आहे. सासरच्या घरात पुस्तकांचे एक कपाट असेल, रात्री आठनंतर दोन माणसे तरी एखाद्या पानाविषयी बोलत असतील, तर त्या भीतीचा मोठा भाग ओसरतो. शहरातील घरही या कपाटावाचून तितकेच एकाकी असू शकते.

आपल्या शास्त्रांत स्वाध्यायाला अंतरंग तपांत स्थान आहे, आणि त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. वाचना हा पहिला. दुसरा पृच्छना, म्हणजे विचारणे. तिसरा अनुप्रेक्षा, म्हणजे वाचलेल्याचे चिंतन. हे विवेचन धर्मग्रंथांसाठी आहे, कादंबऱ्यांसाठी नाही, याची मला जाणीव आहे. तरीही वाचन पुरे कसे होते, हे त्या क्रमातून शिकता येते. वाचणाऱ्याला कोणी विचारलेच नाही, तर ते वाचन त्याच्यापाशीच अडकून राहते. परिचयपत्रातील त्या ओळीचे नेमके हेच होते. ओळ असते, पृच्छना नसते.

पूर्वजांची देणगी

आहारदान, औषधदान, अभयदान आणि शास्त्रदान, अशी चार दाने आपण लहानपणापासून ऐकतो. छपाई नव्हती तेव्हा शास्त्रदानाचा अर्थ फार प्रत्यक्ष होता. गृहस्थ पैसे देऊन ग्रंथाची प्रत लिहवून घेत आणि ती मुनींना, आर्यिकांना किंवा मंदिराच्या भांडाराला अर्पण करीत. जुन्या हस्तलिखितांच्या अखेरीस अशा दात्यांची नावे नोंदलेली आढळतात, आणि त्यांत स्त्रियांचीही नावे असतात.

आमच्या वऱ्हाडातच, वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथील शास्त्रभांडारांत अशी हस्तलिखिते जपली गेली. दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेट या राजधानीत राहून पुष्पदंत कवीने अपभ्रंश भाषेत काव्ये रचली. त्यांपैकी 'णायकुमारचरिउ' हे काव्य डॉ. हिरालाल जैन यांनी १९३०च्या दशकात संपादित करून छापले. डॉ. जैन त्या वेळी अमरावतीच्या महाविद्यालयात प्राध्यापक होते. हजार वर्षांपूर्वीचे काव्य एका लहान गावातील मंदिराच्या कपाटातून छापखान्यापर्यंत आले. मधल्या शतकांत ते कोणी टिकवले? व्यापारी गृहस्थांनीच लेखनिकांची मजुरी दिली, वेष्टनांसाठी कापड दिले आणि वाळवी लागू नये म्हणून पोथ्यांना ऊन दाखवले. त्यांपैकी प्रत्येकाला ते काव्य कळत असेल असे नाही. परंतु आपल्या घरच्या पैशातून एक ग्रंथ पुढे जावा, हे त्यांना कळत होते.

आजचे शास्त्रदान याहून फार स्वस्त आहे. धर्मग्रंथांसाठी आपला समाज उदार हाताने देतोच. त्या हाताला थोडे आणखी पुढे न्यावे, एवढेच सुचवावेसे वाटते. गावच्या शाळेला दरवर्षी दहा मराठी पुस्तके द्यावीत. वाढदिवसाच्या पाकिटातील रकमेसोबत एक पुस्तक असावे. दिवाळीत वहीपूजनासाठी नवी चोपडी आणतो, त्याच दिवशी एक दिवाळी अंकही घरी यावा. १९०९ साली 'मनोरंजन'ने सुरू केलेली ही प्रथा खास मराठी आहे, आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलखातील व्यापारी आहोत. येत्या चातुर्मासात प्रत्येक घराने मिळून एक पुस्तक वाचावे. एकाने मोठ्याने वाचावे, इतरांनी ऐकावे. दादाजींचे डोळे आता अधू झाले आहेत, त्यामुळे आमच्याकडे हीच पद्धत आहे. ते डोळे मिटून ऐकतात, आणि मध्येच 'मग पुढे त्या शिंप्याचे काय झाले?' असे विचारतात, तेव्हा त्यांना झोप लागलेली नव्हती हे कळते.

माझ्यासाठी स्थळे येत आहेत. जालन्याहून, पुण्याहून, दोन तर अशाच लहान गावांतून. कोणत्या गावी जाईन ते आज सांगता येत नाही. बैठकीत मुलीनेही एखादा प्रश्न विचारावा, अशी पद्धत आता आपल्याकडे रूढ होत आहे, ही चांगली गोष्ट आहे. माझा प्रश्न ठरलेला आहे. समोरच्या मुलाने अलीकडे काय वाचले, हे मी विचारणार आहे. उत्तर 'काही नाही' असे आले तरी चालेल, कारण दुकान सांभाळणाऱ्याला खरोखरच उसंत नसते, हे मी जाणते. अशा वेळी 'मग तुम्ही काय वाचता?' असा उलट प्रश्न त्याने केला, तरी मला ते पुरेसे वाटेल.